नवीन युकुलेले: बांधणी आणि सूर कसा जोखायचा?

गवतफुला

परवा माझं पहिलं युकुलेले आलं, म्हणजे छोट्या गिटारसारखं चार तारांचं वाद्य. कॉन्सर्ट आकाराचं आहे, लेबलवर महोगनी लिहिलंय. दिसायला देखणं, हातात हलकं. पण दोन दिवस एक गोष्ट छळतेय. सी कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गुच्छ) धरली की कानाला गोड लागते, एफ धरली की काहीतरी बिनसतं. ट्यूनर लावून चारही मोकळ्या तारा जी-सी-ई-ए अशा बरोबर मिळवल्या, पुन्हा एफ धरली, पुन्हा तेच. शिवाय ए तारेवर बारीक चिरचिर येते.

बरीच वर्षं गाणं शिकले आहे, त्यामुळे बेसूर असलेलं कळतं. पण तारवाद्य हातात कधीच धरलेलं नाही, त्यामुळे दोष कुठे आहे ते कळत नाही. लाकडात, तारांत, बांधणीत की माझ्या बोटांत? परत करायची मुदत आठ दिवस उरली आहे. तेवढ्यात काय काय तपासू, आणि आधी काय तपासू? जाणकारांनी कृपया सांगावं.

चौतार

अभिनंदन! आधी घाबरू नका. नव्या युकुलेलेच्या तारा नायलॉनच्या किंवा तशाच कृत्रिम धाग्याच्या असतात आणि त्या बरेच दिवस ताणल्या जातात. मिळवलेली तार दहा मिनिटांत उतरणं हा पहिल्या आठवड्यात दोष धरू नये. बोटाने तार अलगद वर ओढा, पुन्हा मिळवा, असं रोज चार-पाच वेळा करा. तारा सूर धरू लागेपर्यंत आवाजाबद्दल पक्कं मत बनवू नका.

बांधणी मात्र आजच तपासा, कारण तारा बसल्या म्हणून वाकडी दांडी सरळ होत नाही.

खुंट्यांच्या बाजूने डोळा लावून दांडीवरून घोडीकडे, म्हणजे दुसऱ्या टोकाला तारा जिथे बांधलेल्या असतात तिकडे बघा, सुतार फळीची धार बघतो तसं. दांडीला पीळ असेल, म्हणजे एक कड वर आणि एक खाली दिसत असेल, तर पुढचं काही तपासू नका, सरळ परत करा. बहुतेक युकुलेल्यांच्या दांडीत गिटारसारखा ट्रस रॉड (दांडीचा बाक कमी-जास्त करणारा आतला धातूचा गज) नसतो, त्यामुळे पीळ नंतर काढता येत नाही. किंचित आत गेलेला बाक चालतो, उलट कमान चालत नाही.

मग दोन्ही कडेच्या तारा पट्टीच्या, म्हणजे दांडीवर जिथे बोटं दाबतो त्या फळीच्या, कडांपासून सारख्या अंतरावर आहेत का ते बघा. घोडी जरा बाजूला चिकटवलेली असेल तर एक तार कडेला येते आणि दाबताना पट्टीवरून घसरते. घोडीच्या कडेखाली साध्या कागदाचा कोपरा सरकवून बघा. कागद आत जात असेल तर घोडी सुटायला लागली आहे. आवाजाच्या भोकातून फोनचा टॉर्च टाकून आत बघा. सरसाचे ओघळ दिसले तर मी मनावर घेत नाही, ते फक्त घाईचं काम असतं. आतली एखादी पट्टी एका टोकाला सुटलेली दिसली तर मात्र परत.

पडद्यांच्या, म्हणजे पट्टीवरच्या धातूच्या आडव्या कांबींच्या, टोकांवरून दोन्ही बाजूंनी बोट फिरवा. बोटाला करवतीसारखं लागलं तर एक तर टोकं नीट कानसलेली नाहीत, नाहीतर वाद्य कोरड्या हवेत राहून पट्टीचं लाकूड आक्रसलं आहे आणि धातूची टोकं बाहेर आली आहेत.

जोडतार

एफचं कोडं मला ओळखीचं वाटतंय. तुम्ही गाणाऱ्या आहात म्हणून तंबोऱ्याच्या भाषेत सांगते.

युकुलेलेची जी तार, सवयीच्या मिळवणीत, सी तारेपेक्षा वरच्या सुराची असते. एफ धरताना ती जी तार दुसऱ्या पडद्यावर दाबतो, म्हणजे तिथे ए वाजतो. आणि शेवटची ए तार मोकळी असते. दोन्ही ए एकाच सप्तकातले, ४४० हर्ट्झचे. म्हणजे एफ कॉर्डमध्ये तुमच्याकडे तंबोऱ्याची जोड तयार होते. जोडीतली एक तार केसभर चढी असली की कसा डोल ऐकू येतो ते तुम्हाला सांगायला नको. सी कॉर्डमध्येही तसे दोन सी असतात, पण त्यांच्यात सप्तकाचं अंतर आहे, त्यामुळे थोडा फरक खपून जातो. एफ काही लपवू देत नाही. म्हणून मी कुठलंही युकुलेले हातात घेतलं की पहिली एफच धरते.

एक करा. जी तार दुसऱ्या पडद्यावर हलकेच दाबा आणि फक्त तेवढी आणि मोकळी ए अशा दोनच तारा छेडा. वूं-वूं असा डोल येतोय का? मग दाब वाढवून बघा. दाब वाढला की डोल जलद होतो. बोटाच्या जोराने सूर किती चढतो हेही त्यात कळेल, कारण आखूड तारेवर जास्तीचा दाब लगेच सुरात उतरतो.

गवतफुला

दोघांचेही आभार. दांडी सरळ आहे, कागद आत गेला नाही, आतल्या पट्ट्या ठीक दिसतात. सहाव्या आणि सातव्या पडद्याचं टोक बोटाला जरा लागतं, बाकी गुळगुळीत.

आणि जोडतार, हो! डोल आहे, अगदी स्पष्ट. सेकंदाला साधारण तीन. हलकेच दाबलं तरी जात नाही.

मग ट्यूनर लावून प्रत्येक तारेचा पहिला, तिसरा आणि बारावा पडदा मोजला. मोकळी तार बरोबर मिळवून, पडद्याच्या अगदी मागे बोट ठेवून. किती सेंट चढं आहे ते लिहिते (शेजारच्या दोन पडद्यांतल्या सुराच्या अंतराचे शंभर सेंट).

जी: पहिला १६, तिसरा ८, बारावा ४.
सी: पहिला २४, तिसरा ११, बारावा ७.
ई: पहिला १९, तिसरा ९, बारावा ५.
ए: पहिला ९, तिसरा ४, बारावा ३.

जी तारेचा दुसरा पडदा वेगळा मोजला, तो १२ सेंट चढा आहे.

रंधा

फार व्यवस्थित मोजलंत. या आकड्यांतच उत्तर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चूक पहिल्या पडद्यावर सर्वांत मोठी आहे आणि वर जाऊ तशी कमी होत बाराव्यावर जवळजवळ नाहीशी होते. घोडी चुकीच्या जागी बसली असती तर उलट झालं असतं, वर जाऊ तशी चूक वाढली असती. म्हणजे घोडीची जागा ठीक आहे. एखादाच पडदा चुकीच्या जागी ठोकलेला असता तर चारही तारांवर त्या एकाच पडद्याशी आकडा उसळला असता, तसंही नाही. दोष नटमध्ये आहे. खुंट्यांच्या खाली जी पांढरी पट्टी असते, जिच्या खाचांतून तारा जातात, तिच्या खाचा पुरेशा खोल कापलेल्या नाहीत.

असं का होतं ते बघा. नटशी तार जास्त उंच असली तर पहिला पडदा दाबताना तिला खूप खाली ओढावं लागतं. ओढली की ताण वाढतो, ताण वाढला की सूर चढतो. तिसऱ्या पडद्याशी तीच तार लांबच्या टेकूवरून वाकते, म्हणून ताण कमी वाढतो. तुमची सी तार सर्वांत जाड आहे, ती अरुंद खाचेत वरच अडकून बसली असणार, म्हणून तिचा आकडा २४.

पडताळा घ्या. तार तिसऱ्या पडद्यावर दाबा आणि ती पहिल्या पडद्याच्या माथ्यापासून किती वर आहे ते बाजूने बघा. जेमतेम उजेड दिसावा, साधा कागद जाईल इतकाच. तिथे जाड पुठ्ठा जात असेल तर खाच उंच आहे. अजिबात फट नसेल तर खाच जास्त खोल गेली आहे, मग मोकळी तार पहिल्या पडद्यावर खडखडते.

ही चूक नव्या युकुलेल्यांत फार आढळते. कारखान्यात खाचा मुद्दाम उथळ ठेवतात, कारण उथळ खाच नंतर खोल करता येते, खोल गेलेली भरून काढणं कठीण. चांगला विक्रेता वाद्य देण्याआधी ती बसवून देतो. म्हणून माझं म्हणणं असं, की हे वाद्य वाईट बांधलेलं नाही, अर्धवट सोडलेलं आहे. या दोन गोष्टींची गल्लत करून चांगली वाद्यं परत जातात. त्याहून वाईट म्हणजे पुष्कळ नवशिके स्वतःचीच बोटं वाईट समजून वाद्य ठेवून देतात. पहिल्या पडद्यावर तार दाबायला जड जात असेल तर बोटं दुखतातच.

मुदत असेपर्यंत स्वतः कानस लावू नका, परत करण्याचा हक्क जाईल. विक्रेत्याला हे आकडे दाखवा आणि खाचा बसवून मागा. हे अर्ध्या तासाचं काम आहे.

गवतफुला

पुठ्ठा जातो! सी तारेखाली आरामात जातो. दोन दिवस मी बोटांनाच दोष देत होते.

मंद्रसप्तक

रंधा यांच्याशी खाचांबाबत सहमत. पण बांधणीचा मूळ प्रश्न बाजूला राहतोय. हे अख्ख्या लाकडाचं आहे की लॅमिनेट, म्हणजे पातळ थर चिकटवून केलेलं, ते आधी बघा. लॅमिनेट असेल तर खाचा बसवूनही आवाज उघडणार नाही. पुढे पश्चात्ताप करण्यापेक्षा आत्ताच बदलून अख्ख्या लाकडाच्या तबलीचं (भोक असलेल्या समोरच्या फळीचं) घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

गवतफुला

ते कसं ओळखायचं? लेबलवर फक्त महोगनी आहे.

रंधा

आवाजाच्या भोकाच्या कडेला भिंग लावा. अख्खं लाकूड असेल तर तबलीवरच्या रेघा कडेवरून वळून सलग आत जातात. लॅमिनेट असेल तर कडेला प्लायसारखे थर दिसतात, बहुधा तीन. काही कारखाने ती कड काळ्या रंगाने किंवा पट्टीने झाकतात. मग पाठीवर एखादी ठळक रेघ किंवा गाठ शोधा आणि आतून त्याच जागी ती दिसते का ते बघा. बाहेर एक आणि आत भलतीच रेघ असेल तर तो थर आहे.

मंद्रसप्तक, तुमच्या मताचा आदर आहे, पण पहिल्या वाद्यासाठी मी तो सल्ला देणार नाही. अख्ख्या लाकडाची पातळ तबली जास्त मोकळी थरथरते आणि चांगल्या कारागिराच्या हातची असेल तर तिचा आवाज लॅमिनेटला येत नाही, हे खरं. पण तीच तबली कोरड्या हवेत चिरते आणि दमट हवेत फुगते. तिला साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रतेत, केसमध्ये जपावं लागतं. लॅमिनेट भिंतीला टांगून ठेवलं तरी निभावतं. आणि जाड कापलेली, वर पॉलिशचे थरावर थर चढवलेली अख्खी तबली पातळ लॅमिनेटपेक्षा मुकी वाजते, हे मी हाताळून पाहिलेलं आहे. लाकडाच्या नावापेक्षा जाडी आणि वजन बघावं.

चौतार

वजनावरून एक जुनी गोष्ट आठवली, इथे चपखल बसते. २३ ऑगस्ट १८७९ रोजी रेव्हन्सक्रॅग नावाचं जहाज मदेइरा बेटावरचे पोर्तुगीज मजूर घेऊन होनोलुलूला पोचलं. त्यात मॅन्युएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जोसे दो एस्पिरितो सांतो हे तीन लाकूडकाम जाणणारे होते. त्यांच्या बेटावरच्या मॅशेत नावाच्या छोट्या तारवाद्यावरून हवाईत युकुलेले घडलं, आणि तिथल्या कोआ लाकडात ते पातळ, हलकं बांधलं जाऊ लागलं.

पुढे अमेरिकेतल्या मार्टिन या नामांकित गिटारवाल्यांनी १९०७च्या सुमारास युकुलेले करून पाहिलं. तबली स्प्रूस लाकडाची घातली आणि आतून गिटारसारख्या भरपूर पट्ट्या लावल्या. वाद्य मजबूत झालं, पण आवाज दबला आणि ते चाललं नाही. काही वर्षांनी त्यांनीच महोगनीचं, हलकं, कमी पट्ट्यांचं युकुलेले काढलं आणि ते भरपूर खपलं. लाकूडही उत्तम आणि हातही कसलेले, तरी वजनाने घात केला होता. गिटारच्या तारांचा ताण युकुलेलेच्या तारांच्या कितीतरी पट असतो. एवढासा ताण जड तबली हलवूच शकत नाही.

म्हणून गवतफुला, तुम्ही पहिल्याच ओळीत ‘हातात हलकं’ लिहिलंत ते वाचून मला बरं वाटलं होतं.

मंद्रसप्तक

मार्टिनची गोष्ट माहीत नव्हती, आभार. माझं मत थोडं सुधारतो. तबली अख्खी असो वा नसो, घोडीच्या मागे बोटाच्या पेराने टिचकी मारून बघा. ढोलकीसारखा थोडा भरीव ठणका आला तर ठेवा. लाकडी फळीवर मारल्यासारखा बद्द आवाज आला तर पुन्हा विचार करा. आधी तारांवर हात ठेवून त्या गप्प करा, नाहीतर त्यांचाच गुंजार ऐकाल.

गवतफुला

कडेला तीन थर दिसले, म्हणजे लॅमिनेट. टिचकी मारली तर ठणका येतो, बद्द नाही. ठेवायचं ठरवते आहे.

पण ए तारेच्या चिरचिरीचं काय? आज लक्षात आलं की ती मोकळ्या तारेवरही येते आणि पाचव्या, सातव्या पडद्यावरही. जोरात छेडली की जास्त.

रंधा

एकाच पडद्यावर चिरचिर असती तर त्याच्या पुढचा पडदा उंच आहे असं म्हटलं असतं. फक्त मोकळ्या तारेवर असती तर नटची खाच. सगळीकडे असेल तर बहुधा काहीतरी सुटं आहे आणि तारेबरोबर थरथरतंय. एका हाताने तार छेडत राहा, दुसऱ्या हाताने एकेक भाग बोटाने दाबून धरा. खुंटीचं बटण, खुंटीभोवतीची चकती, पाठीमागचे स्क्रू, पट्ट्याचं बटण असेल तर ते. घोडीच्या मागे तारेची गाठ मारून उरलेलं शेपूटही बघायला विसरू नका. ज्याला हात लावल्यावर आवाज थांबेल तो गुन्हेगार.

गवतफुला

शेपूट! ए तारेचं उरलेलं टोक बोटभर लांब होतं आणि तबलीवर टेकलं होतं. नेलकटरने गाठीपासून थोडं राखून कापलं. चिरचिर गेली.

जोडतार

छान झालं. मला यात नेहमी गंमत वाटते. तंबोऱ्यात घोडी घासून, खाली सूत सरकवून आपण जवारी मुद्दाम काढतो, तार घोडीला पुसट स्पर्श करत राहावी म्हणून. इथे तोच स्पर्श दोष ठरतो. तुमचा कान जवारीला सरावलेला असल्यामुळे कदाचित थोडी चिरचिर तुम्ही खपवूनही घ्याल, तेवढं सांभाळा.

आता आवाज कसा ऐकायचा ते. खाचा बसवून आणल्यावर आणि तारा स्थिरावल्यावर, एका शांत खोलीत चारही तारांचा प्रत्येक पडदा बाराव्यापर्यंत एकेक करून वाजवा. सारख्याच जोराने. कॉर्ड वाजवू नका, कॉर्डमध्ये दोष लपतात. प्रत्येक सुराची आस किती वेळ टिकते ते ऐका. युकुलेलेची आस मुळातच आखूड असते आणि ए तारेवर वर जाऊ तशी आणखी आखडते, ते नैसर्गिक आहे. शेजारच्या दोन सुरांत मोठी तफावत नको. एखादा सूर टपकन मरत असेल किंवा एखादाच भसकन मोठा येत असेल तर ती जागा लिहून ठेवा.

सी तार विशेष ऐका. पुष्कळ वाद्यांत ती इतर तिघींपेक्षा ढब्ब वाजते. तारांचा संच बदलून तिच्यात कमालीचा फरक पडतो, तेव्हा त्यावरून वाद्याला नावं ठेवू नका. फ्लुरोकार्बनच्या तारा बारीक आणि स्वच्छ वाजतात, पांढुरक्या कृत्रिम तारा जरा जाड आणि भरदार. मला दुसऱ्या आवडतात.

आणि वाजवणाऱ्याला स्वतःचं वाद्य नीट ऐकू येत नाही, आवाज समोर जातो. भिंतीसमोर दोन-तीन फुटांवर बसून वाजवा, किंवा दुसऱ्याला वाजवायला सांगून समोर बसा. फोनवरच्या रेकॉर्डिंगवर भिस्त ठेवू नका.

चौतार

जोडतार यांना अनुमोदन. एक भर: मिळवताना खुंटी फिरवली की ‘टिक्’ आवाज होऊन सूर एकदम उडी मारतो का ते बघा. मारत असेल तर तार खाचेत अडकते आहे. खाचा बसवताना तेही सांगा. तात्पुरतं म्हणून खाचेत मऊ पेन्सिलचं शिसं घासलं तरी चालतं.

रंधा

आणि घोडीच्या बाजूची उंचीही त्याच वेळी मोजून घ्या. बाराव्या पडद्याच्या माथ्यापासून तारेपर्यंत अडीच मिलीमीटरच्या आसपास असावी. तीनच्या वर असेल तर घोडीतली पांढरी पट्टी काढून खालून घासतात. बाराव्यावर अर्धा मिलीमीटर कमी करायचा तर पट्टी एक मिलीमीटर घासावी लागते, कारण बारावा पडदा तारेच्या मध्यावर आहे. खाचा आधी, ही पट्टी नंतर, हा क्रम बदलू नये.

गवतफुला

चार दिवसांनी येतेय. विक्रेत्याला आकड्यांचा कागद दाखवला. त्याने कुरकुर न करता समोर बसून खाचा बसवल्या, सहाव्या-सातव्या पडद्याची टोकंही घासून दिली. बाराव्यावर उंची २.६ मिलीमीटर आहे, ती तशीच ठेवली.

आताचे पहिल्या पडद्याचे आकडे: जी ३, सी ६, ई ४, ए ३. जीचा दुसरा पडदा २. बोटं दुखायची थांबली, हे मला सर्वांत अनपेक्षित होतं.

जोडतार यांनी सांगितल्याप्रमाणे सगळे सूर एकेक करून ऐकले. सी तारेचा सातवा पडदा शेजाऱ्यांपेक्षा लवकर विझतो. बाकी समान वाटले.

जोडतार

एका जागी लवकर विझणं बहुतेक वाद्यांत असतं. तबलीचा किंवा आतल्या हवेचा स्वतःचा एक सूर असतो आणि तारेचा सूर त्याच्या जवळ आला की ताकद पटकन खर्ची पडते. तारा बदलाल तेव्हा पुन्हा ऐका.

दोन ए एकत्र छेडून बघितले का? २ सेंट म्हणजे दोन सेकंदांत एक डोल. तोवर आवाज विरायला लागतो.

गवतफुला

तेच आधी केलं. तीनदा ऐकलं. एकच तार वाजल्यासारखं वाटतंय.